साधेपणाचा जामीन

दिवाळी सरली की थंडीच्या कपड्यांवरचे लेख सुरू होतात. पुरवण्यांमध्ये, फोनच्या पडद्यावर, आताशा घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा. त्यांतला एक प्रकार गेली काही वर्षं फार लोकप्रिय आहे: पॅरिसच्या बायका थंडीत कशा राहतात आणि आपण तसं कसं राहावं. सल्ला साधारण ठरलेला असतो. कपडे कमी ठेवा, पण चांगले घ्या. रंग चारच: निळा, पांढरा, करडा, काळा. नीट बसणारा एक स्वेटर, पुरुषी बेताचा एक पांढरा शर्ट, सरळ पायाची जीन्स, लांब कोट, गळ्यात स्कार्फ. दागिने जवळजवळ नाहीत. केस थोडे विस्कटलेले चालतील. आणि मुख्य म्हणजे हे सगळं जमवायला आपल्याला काही खटपट करावी लागली, असं बघणाऱ्याला वाटता कामा नये. या सगळ्याला मिळून फ्रेंचांचा शब्द आहे 'शीक'. मराठीत वाचताना तो आज्ञार्थ वाटतो, आणि या लेखांचा सूरही तसाच असतो.

मला हे लेख वाचायला आवडतात. त्यांतला पुष्कळसा सल्ला कामाचा असतो. पण वाचताना हळूहळू लक्षात येतं की तो कपड्यांपाशी थांबत नाही. जो कमी कपड्यांत नीटनेटका राहतो तो जास्त समजूतदार, कमी हावरा, स्वतःबद्दल निश्चिंत. आणि जो भडक रंग, चमक, नवेपणा शोधतो तो कुठेतरी कच्चा, असं त्यात न बोलता सांगितलेलं असतं. म्हणजे विषय आवडीनिवडीचा दिसतो, पण निकाल माणसाच्या स्वभावावर लागतो. साधेपणा हा सद्गुण आहे, हे आपल्याला पॅरिसनं शिकवायची गरज नाही. आपल्याकडे 'साधी राहणी' हे शब्द शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असतात. प्रश्न असा आहे की साधेपणा नेहमीच सद्गुण असतो का, आणि तो कुणाचा असला म्हणजे सद्गुण म्हणून ओळखला जातो.

हा प्रश्न वऱ्हाडात बसून विचारण्याला कारण आहे. अमरावती-अकोल्याची थंडी पॅरिससारखी नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो, एखाद्या आठवड्यात त्याच्याही खाली जातो, आणि त्याच दिवशी दुपारी २८-३० अंशांचं ऊन असतं. सकाळी सातला हिव वाजतं, साडेअकराला स्वेटर कमरेला किंवा गाडीच्या हँडलला बांधलेला असतो. अशा हवेत जाड लांब कोट निरुपयोगी. उपयोगी पडतात ते पातळ थर: आत सुती, वर बाह्यांचा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचं काहीतरी, आणि काढून पिशवीत टाकता येईल असं एक फडकं.

जुन्या वऱ्हाडानं हेच केलं होतं. शेतकऱ्याच्या अंगात सदरा, त्यावर बंडी, खांद्यावर दुपट्टा. तोच दुपट्टा सकाळी कानाला गुंडाळायचा, दुपारी डोक्यावर घ्यायचा, जेवताना अंथरायचा. रात्रीला जुन्या लुगड्यांची वाकळ किंवा धनगराकडची घोंगडी. लोकरीचे स्वेटर शहरांत सर्वांच्या अंगावर आले ते नंतर. विदर्भातल्या शहरांत हिवाळ्यापुरती दुकानं मांडणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. म्हणजे 'कमी कपडे, अनेक उपयोग, थरांवर थर' हे फ्रेंच सूत्र इथे बाहेरून आणावं लागलं नसतं. ते होतंच. त्याला कुणी 'शीक' म्हटलं नाही, एवढंच.

०

या दिवसांत वऱ्हाडात आणखी एक पोशाख दिसतो. कापसाची वेचणी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होते आणि जानेवारीपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालते. इथली थंडी आणि वेचणी एकत्रच येतात. सकाळी ऑटोत दाटीवाटीनं बसून शेतावर निघालेल्या बायका बघा. साडी किंवा लुगडं, त्यावर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना, फुलबाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला. डोक्याला दुपट्टा घट्ट बांधलेला, तो कान आणि अर्धा चेहरा झाकतो. शर्टाला कारणं तीन आहेत. पहाटेचं हिव, दुपारचं ऊन, आणि पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडांची टोकं, जी हात ओरबाडून काढतात.

आता पॅरिसची यादी पुन्हा वाचा. पुरुषी शर्ट, थोडा सैल. मोजकेच कपडे. विटून मऊ झालेले रंग. डोक्याला स्कार्फ. दागिना नाही, असला तर काळी पोत. आणि दिसण्यासाठी काडीचीही खटपट केलेली नाही. यादीतली एकूण एक अट ही बाई पूर्ण करते. तरी तिच्याकडे बघून कुणाच्या मनात 'किती सुंदर साधेपणा' असं येत नाही. मनात आलंच तर ते छायाचित्रकाराच्या येतं, आणि तिथे गोष्ट आणखी अवघड होते.

यावर सरळ उत्तर असं देता येईल की तिनं तो पोशाख निवडलेला नाही. साधेपणा म्हणजे निवड. निवड नसेल तर ती टंचाई. उत्तर बरोबर आहे, आणि नैतिकदृष्ट्या मोलाचंही आहे. उपास आणि उपासमार यांत पोट सारखंच रिकामं असतं, फरक निवडीचा असतो. पण हे उत्तर एक गोष्ट सांगत नाही. निवड डोळ्यांना दिसत नाही. एका बाईच्या अंगावर विटका शर्ट आहे. तिच्या कपाटात आणखी वीस आहेत की एकही नाही, हे शर्टावर लिहिलेलं नसतं. मग बघणाऱ्याला ते कळतं कसं?

ते कळतं बाकीच्या खुणांवरून. त्वचा, दात, पायातली चप्पल, हातातला फोन, दाराशी उभी असलेली गाडी, बोलण्यातली भाषा, आडनाव. या खुणा सांगतात की बाई असा शर्ट घालते आहे कारण तिला असा आवडतो. मला वाटतं, साधेपणाला नेहमी जामीन लागतो. सोसायटीतून कर्ज काढायला जसा जामीनदार लागतो, तसा साधेपणाच्या मागे कुणीतरी किंवा काहीतरी उभं असावं लागतं. त्यानं सही केलेली असते की 'हिच्याकडे आहे, फक्त ती दाखवत नाही.' जामीन असला की चुरगळलेली खादी रसिकतेची, विटकी जीन्स बेफिकिरीची आणि विस्कटलेले केस आत्मविश्वासाचे ठरतात. जामीन नसला की याच तिन्ही गोष्टींचं एकच वाचन होतं: गरिबी, किंवा गबाळेपणा.

०

हे काही आपलंच वैगुण्य आहे असं नाही. ज्या देशाचा दाखला दिला जातो त्याचा इतिहासही असाच आहे. आज फ्रेंच म्हणून जगभर ओळखला जाणारा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा १८५८च्या हुकुमानं फ्रेंच नौदलाच्या खलाशांना मिळालेला गणवेश होता. समुद्रावर मजुरी करणाऱ्यांचं ते कापड. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोको शानेलनं दोव्हीलसारख्या समुद्रकाठच्या श्रीमंत गावात दुकान थाटलं, खलाशांच्या कपड्यांवरून बेत उचलले, पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरलं जाणारं जर्सी कापड बायकांच्या पोशाखाला वापरलं, आणि श्रीमंत बायकांनी ते आनंदानं अंगावर चढवलं. कापड जवळपास तेच होतं. खलाशामागे कुणी जामीन नव्हता, दोव्हीलच्या बाईंमागे होता. जीन्सच्या 'डेनिम' कापडाचं नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आलं असं मानलं जातं. तोही कष्टकऱ्यांचाच कपडा.

सुती कापडाची गोष्ट तर आपल्याला जवळची आहे. भारतातून जाणारी छापील सुती कापडं फ्रान्समध्ये इतकी खपू लागली की तिथल्या रेशीम आणि लोकरवाल्यांचं धाबं दणाणलं. १६८६ साली राजानं ती आणण्यावर, छापण्यावर बंदी घातली, पुढे वापरण्यावरही. ही बंदी १७५९पर्यंत, म्हणजे सत्तरहून अधिक वर्षं टिकली. या काळात चोरट्या मार्गानं माल आणणाऱ्यांना जबर शिक्षा होत होत्या, आणि वरच्या वर्गातल्या स्त्रिया मात्र तीच कापडं हौसेनं वापरत होत्या. एकाच कापडासाठी एकाला शिक्षा आणि दुसरीची तारीफ.

बायकांच्या पँटचंही तेच. नोव्हेंबर १८००मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी आदेश काढला की ज्या स्त्रीला पुरुषी वेश करायचा आहे तिनं आधी परवानगी घ्यावी. पुढे सायकल आणि घोडा चालवणाऱ्यांना सूट मिळाली. हा आदेश मृत झाला आहे असं फ्रेंच सरकारनं स्पष्टपणे सांगितलं ते २०१३च्या जानेवारीत. 'फ्रेंच स्त्रीची सहज पुरुषी ऐट' ज्या शहराच्या नावानं विकली जाते, तिथे तो कपडा कागदोपत्री दोनशेहून जास्त वर्षं परवान्याचा होता.

स्कार्फचं उदाहरण याहून ताजं आहे. एर्मेस या पॅरिसच्या कंपनीनं आपला पहिला चौकोनी रेशमी स्कार्फ १९३७ साली बाजारात आणला. हनुवटीखाली गाठ मारलेला तसा स्कार्फ आजही सुसंस्कृत अभिरुचीची खूण समजला जातो. २००४च्या कायद्यानं त्याच देशातल्या सरकारी शाळांत मुस्लिम मुलींना डोक्याला स्कार्फ बांधून वर्गात बसायला मनाई झाली. त्या कायद्यामागे धर्म आणि शासन यांना वेगळं ठेवण्याची मोठी फ्रेंच परंपरा आहे, आणि तिचा विचार गंभीरपणे करायला हवा. पण कापडाच्या चौकोनाला स्वतःचा अर्थ नसतो, तो बांधणारीकडून आणि बघणाऱ्याकडून येतो, हे मात्र यातून लख्ख दिसतं. अमरावतीच्या राजकमल चौकात सिग्नलला उभ्या राहिलेल्या स्कूटीवरच्या मुली बघा. सगळ्यांचे चेहरे स्टोलमध्ये गुंडाळलेले, उघडे फक्त डोळे. धूळ, ऊन, थंडी, आणि लोकांच्या नजरा, सगळ्यांवर एकच उपाय. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. तरी तशीच गुंडाळलेली एखादी वेगळ्या मोहल्ल्यातली असली तर आपण मनातल्या मनात वेगळं वाचन करतो. तिथेही जामीन विचारला जातोच.

०

आता उलट बाजूनं पाहू. ज्याच्यामागे जामीन नाही त्यानं काय करावं? तो उठून दिसणारे कपडे घालतो. अकोल्याच्या गांधी रोडवर हिवाळ्यात कुठल्याही संध्याकाळी चक्कर मारली तर दिसेल: चमकत्या धाग्याचे स्वेटर, छातीवर मोठाल्या इंग्रजी अक्षरांची जॅकेटं, नामांकित कंपन्यांच्या नकला, गडद गुलाबी आणि झगझगीत हिरवे रंग. शिकलेल्या घरांत याला 'भडक' म्हणतात. मला त्यात शहाणपण दिसतं. तहसील कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत गेल्यावर आपल्याशी नीट बोललं जावं यासाठी त्या माणसानं आगाऊ मोजलेली ती रक्कम आहे. शेतात शर्ट घालणारी तीच बाई तालुक्याला जाताना घडीची साडी नेसते, ती नटण्याच्या हौसेनं असेलही. पण त्यात एक हिशेबही आहे. मराठीत हा हिशेब फार उघडा पडतो, कारण आपल्या भाषेत सर्वनामं आहेत. शेतातल्या शर्टात ती 'ए बाई, तू' असते. घडीच्या साडीत 'तुम्ही', नशीब जोरावर असलं तर 'ताई, बसा'. कपड्यावरून सर्वनाम ठरतं.

अ‍ॅडम स्मिथनं १७७६च्या आपल्या ग्रंथात याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. लिननचा सदरा ही काही जगण्याची गरज नव्हे, असं तो म्हणतो. ग्रीक आणि रोमन लोक लिननवाचून सुखात राहिले असतील. पण त्याच्या काळच्या युरोपात प्रतिष्ठित मजुराला लिननच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायला लाज वाटली असती, म्हणून तो सदरा गरजेचाच धरायला हवा. अमर्त्य सेन यांनी गरिबीचा विचार करताना हे उदाहरण पुन्हा पुन्हा वापरलं आहे. लाज न वाटता चारचौघांत जाता येणं ही गरज अन्नासारखीच आहे. फक्त तिचा खर्च गावागणिक आणि काळागणिक बदलतो. या हिशेबानं स्वेटरचं काम अंग गरम ठेवल्यावर संपत नाही.

हे बाबासाहेब आंबेडकरांइतकं नेमकं क्वचितच कुणी ओळखलं असेल. नोव्हेंबर १९२७मध्ये ते अमरावतीला वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष होते. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. पुढच्याच महिन्यात महाडला त्यांनी स्त्रियांसमोर भाषण केलं, आणि त्यात कपड्यांविषयी सविस्तर सांगितलं. लुगडं ज्या पद्धतीनं नेसायला लावलं जातं, गळ्यात आणि हातांत जे दागिने ढिगानं घातले जातात, त्यांवरून जात ओळखू येते. ती नेसण सोडा, ते दागिने टाका, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असा त्याचा आशय होता. ते स्वतः सूट घालत. गांधीजींनी सप्टेंबर १९२१मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला, आणि तो जगभर साधेपणाची खूण झाला. दोघांच्याही निर्णयांत विचार होता, त्याग होता. पण गांधीजींच्या पंच्यामागे बॅरिस्टरीचा आणि घराण्याचा जामीन उभा होता; पंचा त्यांच्या अंगावर 'निवडलेला' दिसू शकत होता. आंबेडकरांनी पंचा नेसला असता तर समाजानं म्हटलं असतं, जागेवर आला. ज्याला शतकानुशतकं कमी नेसायला भाग पाडलं, त्यानं पुरेसं नेसणं हीच तिथे नैतिक कृती होती. म्हणून 'साधं राहा' हा उपदेश वरून खाली करता येत नाही. तो करणाऱ्याला वाटतं आपण सद्गुण सांगतो आहोत. ऐकणाऱ्याला ऐकू येतं, 'होतास तसाच राहा.'

०

मग साधेपणात काहीच नाही का? सगळा खेळ ऐपतीचाच? इथे वऱ्हाडाकडे एक असा माणूस आहे की ज्याला टाळून हा युक्तिवाद पुरा करता येत नाही. गाडगेबाबांचा जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट घरातला. ज्या जातीनं पिढ्यानपिढ्या इतरांची वस्त्रं धुतली, त्या जातीतल्या माणसानं स्वतः चिंध्या जोडून केलेला अंगरखा घातला, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणाले. त्यांच्यामागे कुठला जामीन होता? घराण्याचा नाही, शिक्षणाचा नाही, जातीचा तर नाहीच. अनोळखी गावात ते जात तेव्हा त्यांना वेडा किंवा भिकारी समजून हाकललं जाई, आणि ते तसं समजू देत. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे. ज्यांना जामीन नसतो त्यांना जग कसं वागवतं, हे त्यांनी अंगावर घेऊन पाहिलं. 'शीक'मधला साधेपणा ओळखला जावा अशी आतून वाट बघत असतो. हा साधेपणा न ओळखला जाण्याची तयारी ठेवून होता. माझ्या मते सद्गुण म्हणता येईल तो हा.

पण आदर करताना डोळे उघडे ठेवायला हरकत नाही. बाबांच्या नावानं महाराष्ट्रभर सांगितला जाणारा एक उपदेश असा: जेवायची ताटं मोडा, बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या, पण पोराला शिकवा. शिक्षणासाठी काटकसर करा, हा त्यातला गाभा अस्सल आहे आणि त्यानं अनेक घरं बदलली. पण काटकसर कुणाच्या अंगावर पडली तेही बघा. लुगडं बायकोचं आहे, आणि ठरवणारा नवरा. साधेपणाबद्दल म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: याचा खर्च कोण भरतं?

रूसोची एक गोष्ट या प्रश्नावर नेमकी बसते. कला आणि विज्ञानांवर टीका करणारा त्याचा निबंध गाजला, तेव्हा त्यानं आपल्या विचारांसारखं साधं राहायचं ठरवलं. सोनेरी किनारी आणि पांढरे मोजे टाकले, तलवार उतरवली, घड्याळ विकलं. एक गोष्ट मात्र सुटली नाही, ती म्हणजे उंची लिननचे सदरे. ते होते ४२. मग एका नाताळच्या आदल्या दिवशी वाळत घातलेले ते सगळे सदरे कुणीतरी चोरून नेले, आणि त्या व्यसनातून आपण सुटलो, असं त्यानं आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. साधेपणाचा निर्णय एका तत्त्वज्ञाचा. तो पूर्ण केला चोरानं. आपल्यापैकी बहुतेकांच्या साधेपणात असे ४२ सदरे कुठेतरी असतात.

लिनन ज्या झाडापासून होतं ते जवस. आपल्याकडे त्याची चटणी होते आणि तेल निघतं. धाग्यासाठी ते सर्वांत जास्त पिकतं फ्रान्समध्ये, आणि भारतातल्या गिरण्या बराच फ्लॅक्स तिथून आणि बेल्जियममधून आणतात. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत आज लिननचं कापड तयार होतं. म्हणजे फ्रेंच शेतातला धागा वऱ्हाडात येऊन कापड होतो, आणि इथून काही कोसांवर कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर बहुतेक वेळा सिंथेटिक साडी आणि टेरिकॉटचा शर्ट असतो. शुद्ध सुती तिला परवडत नाही. ती वेचते त्या कापसाचा साधेपणा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर खुलतो.

०

या सगळ्यातून 'म्हणून चांगला स्वेटर घेऊ नका' असा निष्कर्ष काढला तर तो खोटा ठरेल. कमी घ्यावं, टिकेल ते घ्यावं, रफू करून वापरावं, थर घालावेत, हे सगळं खरं आहे आणि वऱ्हाडच्या हिवाळ्याला शोभणारंही. फक्त त्याचा हिशेब पुरा मांडावा. समजा एक चांगला लोकरी स्वेटर २,४०० रुपयांना मिळतो आणि आठ हिवाळे टिकतो. वर्षाला ३०० पडले. दुसरा ५०० रुपयांना मिळतो आणि एका हिवाळ्यात त्याच्या गाठी निघतात. कागदावर पहिला स्वस्त. पण तो घ्यायला २,४०० रुपये एकाच दिवशी हातात असावे लागतात, ज्या दिवशी बियाण्याची उधारी आणि मुलीची फी भागून उरलेले असतील. ज्याच्याकडे तेवढे नाहीत तो दरवर्षी ५०० देतो, जास्त खर्च करतो, आणि वरून 'यांना दर्जा कळत नाही' हे ऐकून घेतो. काटकसरीलाही भांडवल लागतं.

म्हणून ज्यांना जमतं त्यांनी तसं जरूर राहावं, पण काही पथ्यं पाळून. आपल्या साधेपणाला स्वभावाचं प्रमाणपत्र समजू नये. त्यानं दुसऱ्याचं माप काढू नये. शेजारणीच्या चमकत्या स्वेटरवर हसण्याआधी ती उद्या कुठल्या खिडकीसमोर उभी राहणार आहे ते आठवावं. खर्च आपला आपण भरावा, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकू नये, आणि शिंप्याशी, रफूवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये.

आणि खरं काम पोशाख करणाऱ्याचं नाहीच, बघणाऱ्याचं आहे. साधेपणाला जामीन लागतो कारण आपण तो मागतो. खिडकीमागे बसलेला कारकून मागतो, दुकानदार मागतो, डॉक्टर मागतो, आपण दारात आलेल्या माणसाला नखशिखांत न्याहाळून मागतो. जोवर मागणं चालू आहे तोवर ज्यांच्याकडे जामीन नाही ते तो कपड्यांत विकत घेत राहतील, कर्ज काढूनही घेतील, आणि त्यांना साधेपणा शिकवणं हा क्रूरपणाच राहील. मागणं थांबवायला मात्र पैसे लागत नाहीत. वेचणी आटोपून त्याच शर्टात, पऱ्हाटीची काडी-कचरा अंगावर असलेली बाई औषधाच्या दुकानात आली, आणि घडीच्या साडीतल्या बाईला जे सर्वनाम मिळतं तेच तिलाही मिळालं, तर त्या दिवशी तिच्या अंगावरचा शर्ट निव्वळ शर्ट असेल. तो तिला ठेवायचा की टाकायचा, आवडतो की नाही, हे मग ती ठरवेल.